वाडी, वेस आणि वडगाव: भौगोलिक नावांतील विशेषनाम आणि सामान्यनाम कसे ओळखावे

कोल्हापुरात कोणी "पौर्णिमेला वाडीला जाऊन आलो" असे म्हटले, तर ऐकणारा "कोणत्या वाडीला?" असे विचारत नाही. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरची नरसोबाची वाडी, म्हणजेच सरकारी दप्तरातील नृसिंहवाडी, असा अर्थ तो आपोआप घेतो. हेच वाक्य आजरा किंवा चंदगड तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या गावच्या पारावर उच्चारले, तर मूळ गावापासून थोडी दूर वसलेली चार घरांची वस्ती एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. शब्द एकच असून पहिल्या वाक्यात तो विशेषनाम आहे आणि दुसऱ्यात सामान्यनाम. रोमन लिपीत पहिले अक्षर मोठे काढून हा भेद डोळ्यांना दाखवता येतो. देवनागरीत ती सोय नसल्यामुळे नकाशावर नावे लिहिणाऱ्याला, स्मरणिकेची सूची करणाऱ्याला, पाट्यांचे भाषांतर करणाऱ्याला आणि स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यालाही तो अर्थावरून आणि वाक्यातल्या वागणुकीवरून ओळखावा लागतो.

शाळेत शिकलेली व्याख्या चुकीची नाही. एकाच जातीच्या सर्व वस्तूंना त्यांच्या समान गुणधर्मामुळे जे नाव मिळते ते सामान्यनाम, आणि त्या जातीतल्या एकाच वस्तूला ओळखण्यासाठी ठेवलेले नाव ते विशेषनाम. ‘नदी’ सामान्यनाम, ‘वारणा’ विशेषनाम, इथपर्यंत कोणाचीच अडचण होत नाही. अडचण येते ती भौगोलिक नावे बहुधा एकशब्दी नसतात म्हणून, आणि जी एकशब्दी दिसतात त्यांच्याही पोटात दुसरा शब्द दडलेला असतो म्हणून. ‘भुदरगड’मधला ‘गड’, ‘गंगावेश’मधली ‘वेस’, ‘वडगाव’मधले ‘गाव’ हे सारे शब्दकोशात सामान्यनामेच आहेत. पण शब्दकोशातली जात आणि नावातले काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर एकच प्रश्न हाताशी ठेवावा: हा शब्द त्या जागेचे वर्णन करतो आहे, की तिला हाक मारतो आहे?

पहिली पायरी: नावाचे दोन घटक वेगळे करणे

प्रथम पूर्ण नाव कागदावर लिहून त्यातला जातिवाचक घटक आणि ओळख देणारा घटक वेगळे करावेत. ‘रंकाळा तलाव’ यात ‘तलाव’ ही जात आणि ‘रंकाळा’ ही ओळख. ‘बिंदू चौक’ यात ‘चौक’ ही जात आणि ‘बिंदू’ ही ओळख. ‘आंबा घाट’ यात ‘घाट’ ही जात आणि ‘आंबा’ ही ओळख, जी फळावरून नव्हे तर शाहूवाडी तालुक्यातल्या आंबा या गावावरून आली आहे. नावांची अशी फोड भौगोलिक नावांचे अभ्यासक जगभर करतात. नावांच्या प्रमाणीकरणासाठी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६७ साली जिनिव्हा येथे भरली, तेव्हापासून हा विचार निरनिराळ्या देशांच्या नकाशा-खात्यांमध्ये रुळत गेला आहे.

मराठीत जातिवाचक घटक बहुधा शेवटी येतो, पण नेहमीच नाही. ‘कसबा बावडा’, ‘मौजे सांगाव’, ‘पेठ वडगाव’, ‘वाडी रत्नागिरी’ या नावांत तो आरंभी बसला आहे. त्यांच्याकडे आपण स्वतंत्रपणे वळू, कारण कोल्हापूर जिल्ह्यात खरी गुंतागुंत तिथेच आहे.

जातिवाचक शब्दांची यादी करताना स्थानिक शब्द विसरू नयेत. तीन रस्ते मिळतात त्या जागेला कोल्हापूरकर ‘तिकटी’ म्हणतात, आणि मिरजकर तिकटी, पापाची तिकटी ही नावे त्यातूनच आली. बाहेरगावच्या माणसाला ‘तिकटी’ हेच एखाद्या जागेचे विशेषनाम वाटते, कारण त्याच्या गावी हा शब्द चालत नाही. तालीम, पेठ, वेस, नाका, खण, माळ, खोरे हे शब्दही या यादीत असावेत.

दुसरी पायरी: एकेक घटक गाळून पाहणे

आता जातिवाचक घटक गाळून उरलेला शब्द वाक्यात चालतो का ते पाहावे. "संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाऊ" हे वाक्य पूर्ण आहे. ‘तलाव’ गाळल्याने कसलीही गैरसोय होत नाही. याचा अर्थ ‘रंकाळा’ हे स्वतःच्या पायावर उभे असलेले विशेषनाम आहे आणि ‘तलाव’ हे त्याच्या सोबत वर्णनासाठी आलेले सामान्यनाम आहे. ‘बिंदू चौक’ मात्र असा मोडत नाही. "बिंदूत भेटू" असे कोणी म्हणत नाही, ‘दसऱ्यात भेटू’ म्हटले तर तो सणाचा वायदा होतो आणि ‘रविवारात राहतो’ याला काहीच अर्थ नाही. बिंदू चौक, दसरा चौक, रविवार पेठ ही नावे दोन शब्दांची असली तरी विशेषनाम म्हणून अख्खीच वापरावी लागतात.

याच्या उलट प्रयोगही करावा, म्हणजे ओळख देणारा घटक गाळून केवळ जात ठेवावी. "चौकात भेटू", "नदीला पाणी आले", "तलावावर गर्दी होती" ही वाक्ये व्याकरणाने बरोबर असली तरी ऐकणाऱ्याला आधीचा संदर्भ लागतो. अपवाद म्हणजे आपली वाडी. तिथे ओळख गाळूनही जागा नेमकी उरते, आणि असे झाले की सामान्यनामाचे विशेषनाम झाले असे खुशाल समजावे.

गाळण्याच्या या खेळात लिंगही बदलते, आणि मराठीत तो उपयोगी पुरावा ठरतो. "वारणा भरली" म्हटले की क्रियापद स्त्रीलिंगी, "वारणा धरण भरले" म्हटले की नपुंसकलिंगी. ज्या शब्दाप्रमाणे क्रियापद वळते तो वाक्याचा कणा असतो. म्हणून ‘वारणा धरण’ या पदात ‘धरण’ हे अजून जिवंत सामान्यनाम आहे आणि ‘वारणा’ त्याला जोडलेली ओळख आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रात "राधानगरी भरली, स्वयंचलित दरवाजे उघडले" असे वाचले तर गाव भरले असे कोणी समजत नाही. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या धरणाला इथे गावाचे नाव पुरते, आणि त्याचे लिंगही गावाचेच राहते.

तिसरी पायरी: जागेवर जाऊन नावाची परीक्षा

ही पायरी पुस्तकात सहसा नसते आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. नावात जो जातिवाचक शब्द दिसतो ती वस्तू त्या ठिकाणी खरोखर आहे का, हे विचारावे.

खासबागेत बाग नाही. तिथे शाहू महाराजांच्या काळात बांधलेले कुस्तीचे मैदान आहे, आणि म्हणूनच ‘खासबाग मैदान’ असे म्हणताना कोणाला विसंगती जाणवत नाही. कपिलतीर्थावर आज स्नानाला कोणी जात नाही. तिथे भाजी मंडई भरते. गंगावेशीत वेस उभी नाही. कावळा नाक्यावर पूर्वीसारखा नाका नाही. ताराबाई पार्क आणि नागाळा पार्क या निवासी वसाहती असून त्यांना उद्याने समजून कोणी मुलांना झोपाळ्यावर बसवायला नेले तर निराशाच पदरी येईल. या सर्व नावांत ‘बाग’, ‘तीर्थ’, ‘वेस’, ‘नाका’, ‘पार्क’ हे शब्द एके काळी वर्णन करत होते किंवा करतील अशी नाव देणाऱ्याची अपेक्षा होती. आज ते फक्त हाक मारतात. त्यांना सोयीसाठी ‘विझलेले सामान्यनाम’ म्हणू. विझलेले सामान्यनाम संपूर्णपणे विशेषनामाचा भाग असते आणि त्याला हात लावता येत नाही.

अशा नावाला जिवंत जातिवाचक शब्दाची पुन्हा गरज पडते, हे त्याचे उत्तम लक्षण आहे: खासबाग मैदान, कपिलतीर्थ मंडई, गंगावेश तालीम. ‘भुदरगड किल्ला’ आणि ‘पंचगंगा नदी’ यांचीही गोष्ट थोडीफार हीच आहे. गड म्हणजे किल्ला आणि गंगा हा शब्द आपल्याकडे कोणत्याही पवित्र नदीला लावतात, तेव्हा काटेकोर माणूस या पदांना द्विरुक्तीचा दोष देतो. तो दोष खरा नाही. सह्याद्री पर्वतातील ‘अद्रि’ म्हणजे पर्वतच, आणि सहारा वाळवंटातील ‘सहारा’ हा अरबी शब्द वाळवंटालाच वाचक आहे. तरी ही पदे चालतात, कारण आधीचा जातिवाचक शब्द नावात विरघळल्यावर नवा जातिवाचक शब्द येणे ही भाषेची नेहमीची रीत आहे. ‘भुदरगड’ यातला गड मात्र पूर्ण विझलेला नाही, कारण डोंगरावर किल्ला आजही आहे. म्हणून किल्ल्याविषयी लिहिताना ‘किल्ला’ शब्द जोडावा की न जोडावा हा शैलीचा प्रश्न राहतो.

संख्येच्या शब्दांनीही असाच चकवा बसतो. शहराच्या दक्षिणेला लागून असलेले पाचगाव हे एक गाव आहे, पाच गावे नाहीत. पंचगंगेचे ‘पंच’ मात्र परंपरेने मोजून दाखवता येते: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. पण नाव म्हणून दोन्ही शब्द एकवचनीच वागतात, ‘पाचगाव आहे’ आणि ‘पंचगंगा वाहते’.

चौथी पायरी: विभक्ती आणि वचन यांची कसोटी

मराठीने मोठे अक्षर दिले नाही, पण सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात होणारा बदल, दिले आहे, आणि अकारान्त नावांपुरते ते मोठ्या अक्षराचे काम बऱ्यापैकी करते. ‘गाव’ या सामान्यनामाला ‘ला’ लावला की ‘गावाला’ होते. ‘वडगाव’ या विशेषनामाला लावला की ‘वडगावला’. "गडाला वेढा पडला" आणि "भुदरगडला बदली झाली" ही दोन वाक्ये शेजारी ठेवून म्हणून पाहावीत. आपण ‘कोल्हापूरला’, ‘कागलला’, ‘शिरोळहून’ म्हणतो. ‘कोल्हापुराला’ हे ऐकायला जुन्या पोथीतले वाटते.

या कसोटीचा खरा उपयोग फोंड्यासारख्या ठिकाणी होतो. राधानगरी-दाजीपूरमार्गे कोकणात उतरणारा रस्ता ज्या घाटातून जातो तो फोंडा घाट, आणि त्याच्या पायथ्याशी कणकवली तालुक्यात वसलेले गाव ते फोंडाघाट. "फोंडाघाटला चहा घेतला" यात गाव आहे. "फोंडा घाटात दरड कोसळली" यात घाट आहे. पहिले जोडून लिहावे, दुसरे तोडून.

कसोटीच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. ‘त’ हा प्रत्यय लागला की विशेषनामाचेही सामान्यरूप होते: कोल्हापुरात, वडगावात. (गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा असा लेखननियम आहे, प्रत्ययापूर्वी सामान्यरूप झाले की तो ऱ्हस्व होतो, म्हणून ‘कोल्हापूरला’ पण ‘कोल्हापुरात’. नदीला येतो तो पूर वेगळा, जरी २०१९ सालानंतर शहराच्या नावातला तो शब्द पाहून कोणाला नको ती आठवण झाली तरी.) आकारान्त नावे सामान्यनामांप्रमाणेच वळतात: रंकाळ्यावर, पन्हाळ्याला, बावड्याहून. आणि काही नावांबाबत शहराचेच एकमत नाही. कोणी ‘गंगावेशला उतरा’ म्हणतो तर कोणी ‘गंगावेशीत’. ज्याच्या तोंडी ‘वेशीत’ आले त्याच्या मनात वेस अजून थोडी शिल्लक आहे, असे मी गमतीने समजतो.

वचनाची कसोटी त्याहून सोपी आहे. विशेषनामाचे अनेकवचन होत नाही असे व्याकरण सांगते, पण लोक "जिल्ह्यात दोन वडगाव आहेत" असे सर्रास म्हणतात. तिथे नीट ऐकावे. ‘दोन गावे’ म्हणणारा माणूस ‘दोन वडगावे’ म्हणत नाही. संख्या लागली तरी रूप बदलत नाही. ‘वडगाव हे नाव असलेली दोन ठिकाणे’ असा त्याचा खरा अर्थ असतो.

विशेषणांचीही मदत घेता येते. ‘जुना राजवाडा’ हे पद साताऱ्यात किंवा सावंतवाडीत वर्णन ठरू शकेल, आणि तिथे ‘फार जुना राजवाडा’ असेही म्हणता येईल. कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या वास्तूला ते नावच पडले आहे. मध्ये ‘फार’ घातला की नाव मोडते आणि साधे वर्णन उरते.

पाचवी पायरी: कसबा, मौजे, पेठ, वाडी

महसुली व्यवहारातून आलेले हे शब्द मुळात प्रतवारी सांगणारे आहेत. बाजारपेठ आणि कारभाराचे ठिकाण असलेले मोठे गाव ते कसबा, साधे शेतीचे गाव ते मौजे, व्यापारासाठी वसवलेली वस्ती ती पेठ. कागदोपत्री ‘मौजे’ हा शब्द कोणत्याही खेड्याच्या नावाआधी लिहिण्याची पद्धत आहे, आणि तिथे तो निव्वळ सामान्यनाम असतो. दस्तऐवजाच्या बाहेर तो गाळला तरी चालतो. पण कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी दोन गावे आहेत, आणि हातकणंगले तालुक्यात पेठ वडगाव आहे तसे मौजे वडगावही आहे. इथे ‘मौजे’ गाळले की दुसऱ्याच गावात पोहोचण्याची वेळ येते. तेव्हा नियम असा धरावा की त्याच नावाचे दुसरे ठिकाण असेल आणि हा शब्द दोहोंतला फरक सांगत असेल, तर तो विशेषनामाचा अविभाज्य भाग आहे.

कसबा बावड्याला शहरात नुसते ‘बावडा’ म्हणतात आणि कोणाचा गोंधळ होत नाही. पण जिल्ह्यात गगनबावडा आहे आणि घाटाखाली भुईबावडा आहे, त्यामुळे लिहिताना पूर्ण नाव द्यावे. करवीर तालुक्यातल्या कसबा बीडमधला ‘कसबा’ गाळला तर वाचक थेट मराठवाड्यात जातो. पुलाची शिरोली आणि शिरोली दुमाला यांतही मागचा-पुढचा शब्द हाच फरक सांभाळतो. पुलाच्या शिरोलीतला पूल पंचगंगेवर खरोखर आहे, पण तो नसता तरी नावातून त्याला काढता आले नसते.

या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगण्यासारखी आहे. एका स्मरणिकेची स्थलसूची करताना मी ‘वाडी रत्नागिरी’ या नावातला ‘वाडी’ जातिवाचक समजून मागे टाकला आणि नोंद ‘रत्नागिरी’खाली केली. परिणामी जोतिबाचा डोंगर, जो पन्हाळा तालुक्यात आहे, सूचीत थेट समुद्रकाठच्या जिल्ह्याच्या पानांबरोबर जाऊन बसला. छपाईनंतर ते एका वयोवृद्ध गुरव गृहस्थांनी दाखवून दिले, आणि तेही हसत हसत, हे माझे नशीब.

सहावी पायरी: एकाच नावाच्या अनेक जागा

विशेषनाम ठरले तरी ते कोणत्या जागेचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. भुदरगड हा किल्ला आहे आणि तालुकाही. तालुक्याचे मुख्य ठिकाण मात्र गारगोटी आहे. करवीर हे कोल्हापूर क्षेत्राचे जुने नाव आहे, संस्थानाचेही होते आणि आज तालुक्याचे आहे. सिंधुदुर्ग हा मालवणजवळचा शिवकालीन जलदुर्ग, आणि १९८१ पासून तो जिल्हाही आहे. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. जिल्ह्याला किल्ल्याचे नाव देताच नावातला ‘दुर्ग’ त्या वापरापुरता विझतो, किल्ल्यापुरता जिवंत राहतो. अशा ठिकाणी संदिग्धता असल्यास ‘तालुका’, ‘जिल्हा’, ‘किल्ला’ हे सामान्यनाम स्पष्टपणे लिहावे.

सातवी पायरी: सीमा ओलांडणारी नावे

काही सामान्यनामे वाडीप्रमाणे एखाद्या प्रदेशापुरती विशेषनामे होतात. ‘देश’ म्हणजे राष्ट्र. पण "कोकणातून देशावर आले" या वाक्यात तो सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या पठाराचे नाव आहे. ‘घाट’ हा शब्द कोल्हापुरात नदीच्या पायऱ्यांना लावतात, डोंगरातल्या वाटेलाही लावतात, आणि कोकणातला माणूस ‘घाटावर’ म्हणतो तेव्हा आपला सगळा मुलूखच त्यात येतो.

उलट दिशेचा प्रवासही होतो. कोल्हापूरला ‘दक्षिण काशी’ म्हणतात, इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात. इथे काशी म्हणजे तीर्थक्षेत्र आणि मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचे शहर, दोन्ही सामान्यनामाच्या कामावर आहेत. ‘प्रयाग’ हे एका क्षेत्राचे नाव संगमाच्या अर्थाने रूढ झाले, म्हणून देवप्रयाग, रुद्रप्रयाग आणि आपली प्रयाग चिखली. सर्वांत चांगले उदाहरण मात्र पाटबंधाऱ्याचे आहे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ महाराष्ट्रात कोणत्याही नदीवर असू शकतो, कारण तो एक प्रकार आहे. ते पद सामान्यनामाचेच काम करते आणि त्याचे अनेकवचनही होते. कसबा बावड्याजवळचा ‘राजाराम बंधारा’ हे विशेषनाम आहे, आणि पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट ही तिथेच मोजतात. बातमीत "कोल्हापूर बंधारा पाण्याखाली" असे छापले तर प्रकार की जागा हे वाचकाला कळत नाही. "कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली" असे लिहिले की प्रश्न मिटतो.

लिहिताना घ्यायचे निर्णय

जिवंत जातिवाचक शब्द तोडून लिहावा आणि विझलेला जोडून: रंकाळा तलाव, आंबा घाट, पण खासबाग, कपिलतीर्थ. पेठांच्या नावांत दोन्ही शब्द मिळून नाव होत असले तरी ‘पेठ’ वळते (‘शिवाजी पेठेत’), म्हणून ती तोडूनच लिहिण्याचा प्रघात योग्य आहे.

सूचीत नोंद ओळख देणाऱ्या घटकाखाली करावी, म्हणजे पंचगंगा ‘प’खाली. कसबा, मौजे, वाडी यांनी सुरू होणारी नावे पूर्ण नावाच्या पहिल्या अक्षराखाली ठेवावीत आणि दुसऱ्या शब्दाखाली ‘पाहा’ अशी सूचना द्यावी, म्हणजे ‘बावडा: कसबा बावडा पाहा’.

भाषांतर करताना फक्त जिवंत सामान्यनामाचे भाषांतर करावे. रंकाळ्याच्या पाटीवर ‘तलाव’ या शब्दासाठी दुसऱ्या भाषेतला प्रतिशब्द येऊ शकतो. खासबागेतल्या ‘बाग’साठी येऊ शकत नाही, तिथे ‘मैदान’ या शब्दाचेच भाषांतर होईल. ताराबाई पार्कचे ‘ताराबाई उद्यान’ केले तर पत्ता घेऊन आलेला पाहुणा रिक्षावाल्याला उद्यान विचारत फिरेल, आणि रिक्षावाला त्याला बहुधा रंकाळ्याच्या बागेत नेऊन सोडेल.